दादांची हिरो : रंगवायची की चालवायची?

आमच्या दादांची, म्हणजे वडिलांच्या वडिलांची, सायकल हिरो कंपनीची आहे. काळी, २४ इंची, मध्ये आडवा दांडा, रॉड ब्रेक, मागे भक्कम कॅरियर. १९६८ साली मिरजेत घेतलेली. जुन्या सायकलींच्या शौकिनांना विचारले तर ते तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहणारही नाहीत. त्यांना हवी असते नॉटिंगहॅमची रॅले, दुहेरी चिमट्याची हंबर, बर्मिंगहॅमची बीएसए. पुण्यात सायकलींचे एक संग्रहालयच आहे. तिथल्या देखण्या सायकली पाहिल्यावर आपल्या हिरोची पायरी लगेच कळते. ती लाखोंनी बनली आणि लाखोंनी भंगारात गेली. सर्वसाधारण माणसाला परवडणारी ती सायकल होती, एवढीच तिची ओळख.

चाचांच्या घराचे बांधकाम निघाले तेव्हा ही सायकल माळवदाखालच्या खोलीतून बाहेर आली आणि घरात तीन मते झाली. चुलतभावाचे म्हणणे, सगळी मोडून पावडर कोटिंग करू, नवी निकल चढवू, वरून रॅलेची स्टिकरे लावू, कोणाला कळतेय? हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने भिंतीला टांगायला मागितली. आणि माझे मत होते की ती आहे तशी चालवावी. घरातला हा छोटा वाद वरवर रंगाचा होता. खरे तर तो इतिहासाचा होता, म्हणून इथे लिहितो आहे.

दादा पिंजारी होते. आमच्याकडे नदाफ म्हणतात. दिवाळी सरली, थंडी पडू लागली की त्यांचा हंगाम सुरू व्हायचा. पिंजण, म्हणजे कापूस पिंजायची ती माणसाएवढी लांब कमान, सायकलच्या दांड्याला बांधायची आणि मालगाव, आरग, बेडग, म्हैसाळ अशी गावे करायची. गल्लीत शिरल्यावर तार छेडायची. त्या आवाजावर बायका जुन्या गाद्या-उशा बाहेर काढायच्या. दुपारभर कापूस पिंजून संध्याकाळी परत. पुढे पिंजायची यंत्रे आली, मग फोमच्या गाद्या आल्या आणि ती तार गल्लीतून गेली. पिंजण कुठे गेली ते कोणालाच आठवत नाही. सायकल तेवढी राहिली.

आता तिच्याकडे नीट पाहा. आडव्या दांड्याच्या डाव्या अंगाला हातभर लांबीचा रंग पूर्ण गेला आहे, खालचे पोलाद दिसते. तिथे पिंजण घासत असे. कॅरियरला गावच्या लोहाराने दोन जादा पट्ट्या जोडल्या आहेत, त्या कापसाच्या गाठोड्यासाठी. दोन पायडले दोन वेगळ्या कंपन्यांची आहेत. मागच्या मडगार्डवर ७८६ हा आकडा, आणि चेनकव्हरवर पांढऱ्या ऑइलपेंटने, वळणदार मराठीत, दादांचे नाव आणि खाली ‘मिरज’. दादांना लिहिता-वाचता येत नव्हते. नाव मात्र पेंटरला पैसे देऊन लिहून घेतले होते. चोरी होऊ नये हा एक हेतू, आणि दुसरा हेतू मला वाटते कोणालाही समजेल.

चुलतभावाच्या योजनेत यातले काय उरले असते? रंग काढताना वाळूचा मारा करतात किंवा ॲसिडमध्ये बुडवतात. मग पावडर फवारून सांगाडा दोनशे अंशांच्या आसपास तापवतात. या जाड थराखाली फ्रेमवर ठोकलेला नंबरही अनेकदा बुजतो. दांड्यावरची झीज, ७८६, दादांचे नाव, लोहाराची जोड, सगळे एका दुपारीत संपते. आणि त्यावर रॅलेची स्टिकरे लावली की पिंजाऱ्याची सायकल एखाद्या मामलेदाराची होते.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचला, कारण ‘हिरो’ या नावालाही इतिहास आहे आणि तो आपल्याला माहीत असायला हवा.

भारतात सायकल आली ती इंग्रजांबरोबर. सुरुवातीला ती साहेबाची, मग वकील-डॉक्टरांची, मग कारकुनांची. बहुतेक माल इंग्लंडहून यायचा. पोस्टमन, शिक्षक, गिरणी कामगार, दूधवाला यांच्यापर्यंत ती झिरपत गेली तरी तिचे कारखाने बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमलाच राहिले. तिथेही वरची-खालची प्रत होतीच. रॅले ही प्रतिष्ठेची, तर एडमंड क्रेन यांनी १९१० साली सुरू केलेली हर्क्युलिस ही मुद्दाम स्वस्तात विकायला काढलेली. स्वातंत्र्याच्या आगेमागे इथे कारखाने उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टीआय सायकल्स इंग्रज कंपनीच्या भागीदारीत सुरू झाली आणि हर्क्युलिस भारतात बनू लागली. आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना आला. १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलास आली. आणि १९५६ मध्ये लुधियानात मुंजाल बंधूंनी हिरो सायकल सुरू केली.

मुंजाल कुटुंब मूळचे कमालियाचे. हे गाव आज पाकिस्तानात आहे. सायकल बनवण्याआधी ही मंडळी सायकलच्या सुट्या भागांचा व्यापार करत. घराण्यातल्या सुनील कांत मुंजाल यांनी आपल्या उद्योगाच्या इतिहासावर पुस्तक लिहिले आहे. त्यात ‘हिरो’ नावाची हकिकत येते. करीम दीन नावाचे एक मुस्लिम कारखानदार सायकलच्या सीट बनवत आणि स्वतः ठरवलेल्या नावाने विकत. फाळणी झाली. करीम दीन पाकिस्तानला निघाले. जाण्याआधी ते आपले मित्र ओमप्रकाश मुंजाल यांना भेटायला आले. ओमप्रकाशजींनी विचारले, तुमचे हे नाव आम्ही वापरले तर चालेल का? करीम दीन यांनी मान डोलावली. ते नाव होते ‘हिरो’.

पुढे याच नावाची कंपनी इतकी वाढली की १९८६ मध्ये जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारी म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली. त्या नावामागे देश सोडून जाणाऱ्या एका मुस्लिम कारागीर-व्यापाऱ्याची मान डोलावणे आहे, हे किती जणांना ठाऊक असते? फाळणीच्या आठवणीत आपण रक्तपाताच्या कथा सांगतो. त्या खऱ्याच आहेत. पण त्याच दिवसांत एका माणसाने दुसऱ्याला आपले नाव देऊन टाकले, ही गोष्टही तितकीच खरी मानायला हवी. ती दोन्हीकडच्या द्वेषाच्या हिशेबात बसत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. असे नाव ज्या सायकलवर आहे ते खरवडून तिथे रॅले चिकटवायचे, यात शोभा ती कसली?

आता प्रश्न येतो कागदाचा. महाराष्ट्रात पिंजारी-नदाफ इतर मागासवर्गात येतात. जातीचा दाखला काढायला गेलेल्या प्रत्येकाला १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख पाठ असते. त्याच्या आधीचा पुरावा हवा. शेती असलेल्याकडे सातबारा असतो, शाळेत गेलेल्याकडे शाळेचा दाखला. पण गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या माणसाकडे कोणता कागद असणार? मुस्लिम ओबीसी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी या एका अडचणीपायी किती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

आमच्या घरी दादांच्या नावाचा जो सर्वांत जुना कागद सापडला तो नगरपालिकेच्या सायकल कराची पावती. त्या काळी सायकलवर कर असे. तो भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे आणि तो सायकलला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली की पोलीस अडवत. पावतीवर दादांचे नाव आहे, साल १९७१ आहे आणि फ्रेमचा नंबर आहे. तो नंबर या सायकलवरच्या ठोकलेल्या नंबराशी जुळतो. कचेरीत या पावतीचा काही उपयोग नाही. तारखेनेही नाही आणि धंद्याचा उल्लेख नसल्यामुळेही नाही. पण पावती, नंबर आणि दांड्यावरची ती घासलेली जागा, ही तिन्ही एकत्र ठेवली तर एका माणसाने एका धंद्यावर या रस्त्यांवर आयुष्य काढले हे दिसते. श्रमिकांचा इतिहास बहुतेक वेळा असाच लिहिलेला असतो, झिजलेल्या जागांवर. नवाबाच्या तलवारीवर नाव कोरलेले असते. पिंजाऱ्याची खूण त्याच्या सायकलवर उमटते.

एवढे सगळे मी घरात बोललो आणि मला वाटले, वाद संपला. फुप्पूने तो पुन्हा उघडला.

फुप्पू म्हणाली, “तुला गंज इतिहास वाटतो, कारण तू ती ओढली नाहीस. हमारे बावा ईद के पैले दिन क्या करते थे, मालूम है? रॉकेलने सगळी पुसायचे. खोबरेल तेलाचा हात द्यायचे. घंटी अशी चमकायची की तोंड दिसायचं. आणि तुम्ही तिला अशी कळकट फिरवणार? लोकांना आपली गरिबी दाखवायची हौस आलीय काय?”

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जुन्या वस्तूंचे कौतुक हे बहुधा त्यांच्यापासून सुटलेल्या लोकांचे असते. ज्याने चुलीचा धूर खाल्ला तो चूल हॉलमध्ये मांडत नाही. हॉटेलवाल्याला भिंतीवर टांगायला सायकल हवी होती तीही अशीच, गंजलेली. आणखी दोन पोचे असते तर त्याला आणखी आवडली असती. चुलतभावाची चमकदार रॅले जितकी खोटी, तितकीच ही मुद्दाम जपलेली दुर्दशाही खोटी. दादांनी सायकल कधी कळकट ठेवली नव्हती. मग ‘आहे तशी’ म्हणजे नेमकी कधीची?

या प्रश्नावर जगात पुष्कळ विचार झाला आहे, तो इमारतींच्या निमित्ताने. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जुनी चर्चे ‘मूळ रूपात’ आणायची लाट आली. दगड घासून कोरे केले जात, नंतरच्या काळातले भाग पाडले जात. जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये याविरुद्ध लिहिले. १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्थाच काढली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की इमारत ही एका दिवसात झालेली नसते. मूळ रूप शोधण्याच्या नावाखाली तुम्ही मधली शतके खरवडून टाकता आणि जागी बसवता ते तुमच्या कल्पनेतले रूप. त्यापेक्षा रोज निगा राखा, गळते ते थांबवा, पडते त्याला टेकू द्या. भारतात १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आला. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची जी नियमपुस्तिका काढली तिचाही मुख्य भर नवे करण्यावर नव्हता, आहे ते टिकवण्यावर होता.

हे वाचून आपल्या गावोगावच्या दर्ग्यांकडे आणि जुन्या मशिदींकडे पाहावे. श्रद्धेने, वर्गणी काढून, चांगल्या मनाने आपण काय केले आहे? कोरीव दगडावर हिरवा ऑइलपेंट. कमानीवर चकचकीत फरशा. फारसी शिलालेखावर चुन्याचे थर, इतके की अक्षर लागत नाही. शिलालेखातली दोन ओळींची माहिती, बांधणाऱ्याचे नाव, हिजरी साल, कधीकधी हीच त्या गावातल्या मुसलमानांच्या वस्तीची सर्वांत जुनी नोंद असते. उद्या कोणी विचारले की तुम्ही इथले केव्हापासूनचे, तर दाखवायला दगड आहे. पण त्यावर आपणच रंग दिलेला आहे. सायकल आणि शिलालेख यांची बरोबरी करायची नाही, पण सवय तीच आहे. जुने झाले, चला, रंग देऊन टाकू.

तरीही इमारतींचा नियम सायकलला जसाच्या तसा लागू होत नाही. दगड उभा राहिला की त्याचे काम झाले. सायकल चालली तरच ती सायकल. इथे मला आमच्या मिरजेचाच धडा जास्त कामाचा वाटतो. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानी फौजांचे दिवस संपत आले, हत्यारांची मागणी घटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले काही जण तंबोरे आणि सतारी बनवू लागले. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. या कारागिरांकडे जुना तंबोरा दुरुस्तीला येतो तेव्हा ते काय करतात? तारा बदलतात. घोडीची झिजलेली जव्हारी पुन्हा काढतात. भोपळ्याला चीर गेली असेल तर सांधतात. खुंटी फिरत नसेल तर नवी बसवतात. पण आवाज चांगला असलेला जुना भोपळा केवळ जुना दिसतो म्हणून कोणी फेकत नाही. तिथे कसोटी दिसण्याची नसते, वाजण्याची असते. वाजण्यासाठी जे बदलावे लागेल ते बिनदिक्कत बदलायचे, बाकीच्याला हात लावायचा नाही.

आपल्या भाषेतही याचे शब्द आहेत. जीर्णोद्धार वेगळा, डागडुजी वेगळी. आणि ‘मरामत’ हा अरबीतून फारसीमार्गे मराठीत मुरलेला शब्द, तोही डागडुजीच्याच बाजूचा. हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आपण अनेकदा ऐकलेली आहे. पैगंबर (स.) घरी आपले जोडे स्वतः सांधत आणि कपड्यांना ठिगळ लावत. आपण ही रिवायत साधेपणाची म्हणून सांगतो आणि पुढे जातो. पण तिच्यात वस्तूशी कसे वागावे याचीही शिकवण आहे. वस्तू टाकायची नाही, सांधायची आणि पुन्हा वापरायची. ठिगळ दिसले तरी त्यात लाज नाही. उलट नव्या दिखाव्यासाठी पैसे उधळणे हा इसराफ. इथे पुन्हा फुप्पूचा मुद्दा येतोच. ठिगळ लावलेला कपडा धुतलेला असावा, ही शिकवणही त्याच घरातली.

या विचाराने मी घाण आणि झीज यांच्यात फरक केला. घाण म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांत माळवदाखाली साठलेली धूळ, कोळ्यांची जाळी, घट्ट झालेले ग्रीस, निकलवर आलेला गंज. ती दादांची खूण नाही, आमच्या दुर्लक्षाची आहे. ती काढायची. झीज म्हणजे पिंजणीची जागा, हाताने गुळगुळीत झालेल्या मुठी, नाव, ७८६, लोहाराच्या पट्ट्या. ती वापराची खूण आहे. ती ठेवायची. आणि तिसरी गोष्ट जिवाची. जे मोडले तर चालवणारा पडेल ते विनातक्रार बदलायचे.

स्टँडजवळच्या मिस्त्रींकडे सायकल नेली. वयाने सत्तरीचे, अशाच सायकलींवर हात बसलेला. त्यांनी आधी रंगाकडे पाहिलेच नाही. चिमटा सरळ आहे का, फ्रेमच्या सांध्यांवर कुठे केसाएवढी चीर आहे का, ते बोट फिरवून पाहिले. पुढचे चाक फिरवून आउट किती आहे ते पाहिले. मग म्हणाले, “हड्डी अच्छी है. ओव्हरऑइल करू.” नव्या वाचकांसाठी सांगतो, ओव्हरहॉलिंगचे आपल्याकडे ओव्हरऑइल झाले, आणि अर्थाने ते जास्तच बरोबर आहे. सगळे सुटे करायचे, रॉकेलमध्ये धुवायचे, छर्रे बदलायचे, नवे ग्रीस भरायचे आणि पुन्हा जोडायचे.

या कामात आमच्या हिरोच्या सामान्यपणाचा मोठा फायदा झाला. जुन्या रॅलेच्या काही आट्या वेगळ्याच असतात. साधा नट-बोल्ट मिळवायलाही शोध घ्यावा लागतो. हिरोचे मात्र २८ इंची टायर, ट्यूब, कॉटर, चेन, ब्रेकचे रबर, मागच्या चाकाचे चाळीस आणि पुढच्याचे बत्तीस स्पोक, सगळे त्याच मापात आजही लुधियानाहून येते आणि तालुक्याच्या दुकानात मिळते. गरिबाची सायकल दुरुस्त होत राहावी अशीच बनवलेली होती. हेही तिच्या इतिहासाचे एक अंग आहे.

टायर-ट्यूब, चेन, दोन्ही कॉटर, छर्रे, ब्रेकचे चारही रबर नवे घातले. तडकलेले टायर वरून धड दिसले तरी त्यावर भरवसा ठेवू नये. रॉड ब्रेकबद्दलही एक सांगायला हवे. त्याचे रबर रिमला आतल्या बाजूने लागते, आणि निकल चढवलेली पोलादी रिम पावसात भिजली की ब्रेक जवळपास घसरतो. पावसाळ्यात ही सायकल उतारावर नेऊ नये, मग ती रंगवलेली असो वा नसो. निकलवरचा गंज ॲल्युमिनियमच्या कागदाने, पाणी लावून, हलक्या हाताने घासला. बराचसा गेला. पिंजणीच्या जागी उघड्या पोलादाला मेणाचे पॉलिश दिले, म्हणजे पुढे गंज चढणार नाही आणि जागाही दिसत राहील. घंटी फुप्पूने स्वतः चमकवली.

सगळा खर्च मजुरीसकट २,८५० रुपये आला. पूर्ण नवी करायचा अंदाज ११,००० रुपयांचा मिळाला होता, आणि एवढे घालूनही बाजारात तिचे निम्मे आले नसते. पण पैशाचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी लिहितो आहे. तो पहिला ठरवला तर बहुतेक सायकली भंगारातच जातील. साध्या सायकलचा हिशेब पैशात कधीच बसत नाही.

फुप्पूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट या निमित्ताने कळली. ती याच सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल शिकली होती. बंदीच होती, पण दादा नमाजला गेले की अंगणात फेऱ्या व्हायच्या. न्हाण आल्यावर ते बंद झाले. मला लगेच पुदुकोट्टई आठवले. तमिळनाडूतल्या या जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेत हजारो बायकांना सायकल शिकवली गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. जुन्या वळणाच्या घरांतल्या मुस्लिम मुलीही त्यात होत्या. सायकलीमुळे बसची वाट पाहणे संपले, बापा-भावावर अवलंबून राहणे संपले, लोकांच्या टोमण्यांची भीती हळूहळू संपली. आमच्या फुप्पूला तेवढे अंगणच मिळाले. दांड्याच्या खालच्या अंगालाही थोडा रंग गेलेला आहे. तो तिच्या पायाने गेला की आणखी कोणाच्या, सांगता येत नाही. पण तिला तो आपलाच वाटतो, आणि रंगवायचा आग्रह तिने त्यानंतर धरला नाही.

या सगळ्यातून कोणासाठी नियम काढायचा नाही. एखाद्याची सायकल इतकी सडलेली असेल की रंगाविना फ्रेम टिकणार नाही, तर रंगवावीच लागेल. कोणाला वडिलांची सायकल पुन्हा दुकानातून आणल्यासारखी पाहायची असेल, तर ती मायाही खोटी नाही. एवढेच, की रंग कधीही देता येतो, गेलेली खूण परत आणता येत नाही. म्हणून जे नंतरही करता येईल ते नंतर करावे. एका तपाने माझ्या मुलीला ती चकचकीत हवी वाटली तर तिला तो मार्ग मोकळा आहे. मी आज तो पत्करला असता तर तिचा दुसरा मार्ग बंद झाला असता.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशा वस्तू असतील. सायकलच असे नाही. बागवानाचा तराजू, अत्ताराची पेटी, शिकलगाराची सहाण, मणियाराची बांगड्यांची पेटी, हातमागाचा धोटा. रंगाऱ्याकडे किंवा भंगारवाल्याकडे देण्याआधी एक दिवस थांबा. उजेडात ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला, आणि विशेषतः बाईला, शेजारी बसवून विचारा की ही खूण कशाची, ही जोड कोणाची, हे नाव कोणी लिहिले. सांगतील ते कागदावर उतरवा, तारीख घाला. बदललेले जुने भाग एका डब्यात ठेवा. आम्ही दादांचे जुने कॉटर, दोन वेगळी पायडले आणि ती पावती यांसाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा केला आहे. पायडले काढली कारण एकाचा आस वाकला होता. त्यांच्या जागी नवी जोडी आहे, आणि सायकल रोज दूध आणायला जाते.

आपला इतिहास कोणी लिहीत नाही, ही तक्रार आपण सगळेच करतो, मीही करतो. ती खरी आहे. पण लिहिणारा उद्या आला आणि त्याने पुरावा मागितला, तर तो आपण रंगाच्या डब्यात बुडवलेला नसावा.